परदेशी नोकरी आणि मुलांची शाळा: सोलापुरातून निघण्याआधी काय काय करायचं

दुबई, मस्कत किंवा दोह्याची नोकरी पक्की झाली की घरात पहिल्यांदा भाड्याच्या फ्लॅटची चर्चा होते, मग सामानाची, आणि मुलांच्या शाळेचा विषय सगळ्यात शेवटी निघतो. हा क्रम उलटा हवा. घर कोणत्या भागात घ्यायचं, कुटुंबाने कोणत्या महिन्यात निघायचं आणि पगारातून महिन्याला काय उरणार, या तिन्ही गोष्टी शाळेवर ठरतात. तिकडे बहुतेक ठिकाणी शाळेची जागा मिळणं हे घर मिळण्यापेक्षा अवघड असतं.

पुढची माहिती मुख्यतः आखाती देशांत जाणाऱ्या सोलापूर शहर-जिल्ह्यातल्या कुटुंबांसाठी आहे, कारण आपल्याकडून जास्त लोक तिकडेच जातात. युरोप-अमेरिकेसाठी वेगळं काय आहे ते मध्येच थोडक्यात येईल.

दहावी-बारावी कुठे होणार, हे आधी ठरवा

शाळा शोधायला बसण्यापूर्वी नवरा-बायकोने कागदावर तीन ओळी लिहाव्यात: मूल आज कितवीत आहे, करार किती वर्षांचा आहे, आणि मूल दहावी व बारावी कुठून देणार. तिसऱ्या ओळीचं उत्तर अंदाजे असलं तरी चालेल, पण ते हवंच. सगळी निवड तिथून मागे मागे येत करायची असते.

कारण असं. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या राज्य कोट्यातून, म्हणजे ८५ टक्के जागांवर, प्रवेश हवा असेल तर मोजके अपवाद सोडता अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेली लागते. मुलीला डॉक्टर करायचं मनात असेल आणि तिची दहावी मस्कतला झाली, तर पुढे नीटला चांगले गुण पडूनही हा दरवाजा बंद झालेला असतो. बारावीनंतर हे कळून काही उपयोग होत नाही. अभियांत्रिकीचं गणित सैल आहे. तिथे विद्यार्थ्याचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला असेल तर बाहेरून शिकलेलं मूलही राज्याच्या उमेदवारांत धरलं जातं. म्हणून निघण्याआधी सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवरून घरातल्या सगळ्यांचे वय-अधिवास दाखले काढून ठेवा. वर्षानुवर्षं परदेशात राहिल्यावर सलग वास्तव्याचे पुरावे गोळा करणं फार जड जातं.

दुसरी धोक्याची जागा नववी ते दहावी आणि अकरावी ते बारावी. सीबीएसई बोर्डाची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते. थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश फक्त बोर्डाच्या मंजुरीने, पालकाची बदली वगैरे ठोस कारण असेल तरच मिळतो. मूल नववी संपवून बसलं असेल तर एक वर्ष थांबा, वडिलांनी एकट्याने पुढे जावं आणि दहावी झाल्यावर कुटुंब न्यावं. एक वर्षाची ताटातूट सोसते, पण दहावीच्या वर्षी बोर्ड बदलल्याने मुलाची जी ओढाताण होते ती टाळलेली बरी. दहावी करून जाणार असाल तर पुणे विभागीय मंडळाकडून मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे मंडळ बदलण्यासाठीचा दाखला, घ्यायला विसरू नका. अकरावीला सीबीएसई शाळा ते मागते.

कोणकोणत्या शाळा असतात

‘इंटरनॅशनल’ हा शब्द पाटीवर लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. होटगी रोडपासून अक्कलकोट रोडपर्यंत आपल्याकडेही तो शब्द दिसतो, आणि आत अभ्यासक्रम मात्र राज्य मंडळाचा किंवा सीबीएसईचा असतो. त्यामुळे शाळेच्या नावाऐवजी अभ्यासक्रम विचारा.

सीबीएसईच्या शाळा आखातात सगळीकडे आहेत. सोलापुरातून तात्पुरतं जाणाऱ्या आणि परत येण्याचा विचार असणाऱ्या कुटुंबाला बहुतेक वेळा हीच निवड योग्य ठरते: फी आवाक्यात, पुस्तकं तीच, परत आल्यावर इयत्तेची भानगड नाही. ओमानमध्ये भारतीय शाळा एका संचालक मंडळाखाली चालतात; मस्कत परिसरातल्या शाळांची प्रवेश नोंदणी एकत्रित आणि ऑनलाईन होते, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. सौदीत रियाध, जेद्दा, दम्माम इथल्या इंटरनॅशनल इंडियन स्कूल भारतीय दूतावासाच्या देखरेखीखाली आहेत. दुबईत आणि दोह्यात भारतीय शाळा खाजगी आहेत आणि प्रत्येकीचा प्रवेश वेगळा.

ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत इयत्तेला ‘इयर’ म्हणतात आणि तो आकडा आपल्यापेक्षा एकने पुढे असतो. इयर ७ म्हणजे आपली सहावी. यात फसगत होते: सहावी पास झालेल्या मुलाला इयर ७ मध्ये घातलं तर तो सहावीच पुन्हा करतो. इयर ११ च्या शेवटी आपल्या दहावीच्या जागी आयजीसीएसई किंवा जीसीएसई परीक्षा, मग अकरावी-बारावीच्या जागी दोन वर्षं ए लेव्हल.

तिसरा प्रकार आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय संस्थेचा अभ्यासक्रम. तिचं मुख्यालय जिनिव्हात, स्थापना १९६८ ची. लहानांसाठी पीवायपी, मधल्यांसाठी एमवायपी आणि शेवटच्या दोन वर्षांसाठी डिप्लोमा, असे तीन टप्पे. डिप्लोमाला सहा विषय, त्यातले साधारण तीन वरच्या पातळीवर, चार हजार शब्दांपर्यंतचा एक संशोधन निबंध, आणि एकूण ४५ पैकी गुण. भारतात अभियांत्रिकी करायची तर भौतिक, रसायन आणि गणित घ्यावंच लागतं, आणि गणिताच्या दोन प्रकारांपैकी ‘अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस’ हा घ्यावा. दुसरा प्रकार सोपा वाटतो म्हणून मुलं तो घेतात आणि पुढे अडतात. मेडिकलला गणित नसलं तरी चालतं, जीवशास्त्र मात्र हवंच. विषय निवडायच्या दिवशी शाळेचा सल्लागार बहुधा ब्रिटन-अमेरिकेच्या विद्यापीठांचा विचार करून बोलतो. भारतात परत यायचं असेल तर ते आपण स्पष्ट सांगावं लागतं.

निकालाच्या तारखाही पाहून ठेवा. मे महिन्यात दिलेल्या आयबीचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. मे-जूनच्या आयजीसीएसईचा निकाल ऑगस्टमध्ये. महाराष्ट्रात अकरावीचा प्रवेश आता राज्यभर ऑनलाईन आहे, सोलापूरसकट, आणि ऑगस्टपर्यंत त्याच्या मुख्य फेऱ्या उरकलेल्या असतात. म्हणून आयजीसीएसई करून सोलापुरात अकरावीला यायचं ठरलं असेल तर शाळेला ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षेबद्दल वर्षभर आधी विचारा. तिचा निकाल जानेवारीत हातात येतो.

ब्रिटन, अमेरिका, जर्मनीत नोकरी असेल तर इंटरनॅशनल शाळेच्या मागे लागू नका. कामाच्या व्हिसावर आलेल्यांच्या मुलांना तिथल्या सरकारी शाळांत फी न देता शिकता येतं. अमेरिकेत घराच्या पत्त्यावरून शाळा ठरते, त्यामुळे तिथे घर निवडणं म्हणजेच शाळा निवडणं. सिंगापुरात सरकारी शाळेसाठी परदेशी मुलांना इंग्रजी आणि गणिताची एईआयएस नावाची परीक्षा द्यावी लागते आणि पास झाल्यावरही जागा असेल तरच मिळते, म्हणून भारतीय कुटुंबं तिकडे खाजगी शाळेचा पर्याय हाताशी ठेवतात.

वय आणि इयत्ता: इथे वर्ष जातं किंवा वाचतं

आपल्याकडे पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणं धरतात. संयुक्त अरब अमिरातीत एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या भारतीय शाळा ३१ मार्च ही तारीख धरतात. ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या ब्रिटिश, अमेरिकन, आयबी शाळांसाठी पूर्वी ३१ ऑगस्ट होती, ती २०२६-२७ पासून ३१ डिसेंबर झाली.

उदाहरण धरा: १० ऑक्टोबर २०२० ला जन्मलेला मुलगा. सोलापुरात जून २०२६ ला तो पहिलीत बसतो. दुबईतल्या भारतीय शाळेत ३१ मार्च २०२६ ला तो सहाचा झालेला नाही, म्हणून केजी-२. तिथल्याच ब्रिटिश शाळेत ३१ डिसेंबरच्या नियमाने तो पहिलीच्या बरोबरीच्या इयर २ मध्ये जातो. एकच मूल, एकच गाव, दोन शाळा आणि वर्षाचा फरक. एप्रिल ते डिसेंबर या महिन्यांत जन्मलेल्या मुलांच्या पालकांनी फोन केल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा: ‘आमच्या मुलाची ही जन्मतारीख, तुमच्याकडे कुठली इयत्ता?’ उत्तर ईमेलवर घ्यावं.

शाळेचं वर्ष कधी सुरू होतं याचाही मेळ घालावा लागतो. राज्य मंडळाच्या शाळा आपल्याकडे जूनच्या मध्यावर उघडतात. आखातातल्या भारतीय शाळा एप्रिलला सुरू होऊन जुलै-ऑगस्ट सुट्टीवर जातात. ‘मे महिना गावाकडे काढू आणि जूनमध्ये जाऊ’ असं केलं तर मूल तिथे पोचतं तेव्हा दोन महिन्यांचा अभ्यास होऊन गेलेला असतो आणि लगेच उन्हाळी सुट्टी लागते. भारतीय शाळेत घालणार असाल तर वार्षिक परीक्षा संपताच, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पोचावं. ब्रिटिश शाळेत घालणार असाल तर ऑगस्टचा शेवट सोयीचा, आणि मधले महिने इंग्रजी वाचन वाढवायला वापरता येतात.

कागदपत्रं

बहुतेकांचं अडतं ते इथे, म्हणून हा भाग सावकाश वाचा. क्रमही हाच ठेवा.

*नावं जुळवणं.* मुलाचा जन्मदाखला, पासपोर्ट, आधार आणि शाळेचं रजिस्टर शेजारी शेजारी ठेवून इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर तपासा. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख. आपल्या शाळांच्या दाखल्यात आडनाव आधी येतं, पासपोर्टमध्ये शेवटी. हा फरक चालतो. पण एका कागदावर वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, किंवा तेलुगू-कन्नड घराण्यांत आडनाव एका ठिकाणी आहे आणि दुसरीकडे गायब, हे चालत नाही. शाळेच्या रजिस्टरमधली दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंतच होते, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने. दाखला काढून शाळा सोडली की ती दुरुस्ती जवळजवळ अशक्य होते. म्हणून निघण्याच्या चार-सहा महिने आधी हे काम हाती घ्या.

*जन्मदाखला.* जुने हाताने लिहिलेले किंवा फक्त मराठीतले दाखले बाजूला ठेवा आणि महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातून, किंवा जन्म जिथे झाला त्या नगरपालिका-ग्रामपंचायतीतून, मराठी-इंग्रजी दोन्ही असलेला संगणकीय दाखला घ्या. बाळाच्या नावाची जागा कोरी असेल तर आधी नाव घालून घ्या. आणि कुठलाही मूळ कागद लॅमिनेट करू नका. परदेशात कागद चालावा म्हणून त्यावर साक्षांकनाचे, म्हणजे तो खरा असल्याचे, सरकारी शिक्के लागतात. ते कागदाच्या मागे मारतात, प्लास्टिकवर नाही. लॅमिनेट केलेला दाखला परत येतो आणि नवा काढावा लागतो.

*पासपोर्ट.* मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा असतो, जे आधी येईल ते. अर्ज सोलापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात करता येतो, कारभार पुणे कार्यालयाचा. वडील आधीच परदेशात असतील तर त्यांची संमती जोडावी लागते. ते गावी असतानाच मुलांचे पासपोर्ट काढून टाकले तर ही धावपळ वाचते.

*शाळा सोडल्याचा दाखला.* हा लवकर काढण्याची घाई करू नका. दाखला काढला की मुलाचं नाव पटावरून कमी होतं, आणि व्हिसा लांबला तर मूल घरी बसतं. परदेशी शाळेत अर्ज करायला बोनाफाईड आणि मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं पुरतात. व्हिसा पक्का झाल्यावर दाखला घ्या. तो इंग्रजीत मागा. त्यावर शेवटची इयत्ता, ती उत्तीर्ण झाली का आणि पुढच्या इयत्तेस पात्र आहे का, शाळा सोडल्याची तारीख आणि शैक्षणिक वर्ष हे सगळं स्पष्ट हवं. ‘पुढच्या इयत्तेस पात्र’ हे शब्द नसल्यामुळे मुलाला मागच्या वर्गात बसवल्याची उदाहरणं होतात. मूळ दाखला एकदाच मिळतो, दुसरी प्रत ‘दुय्यम’ शिक्क्याने आणि प्रतिज्ञापत्रावर येते, म्हणून पहिल्याच दिवशी रंगीत स्कॅन करून ठेवा. याच वेळी शाळेकडून यूडायस प्लस या सरकारी नोंदणीतला मुलाचा कायमचा ओळख क्रमांक (पेन) लिहून घ्या. परत आल्यावर तोच क्रमांक विचारतात.

*प्रतिस्वाक्षरी.* दाखल्यावर मुख्याध्यापकांच्या सहीनंतर शिक्षणाधिकाऱ्यांची सही लागते. माध्यमिक शाळा असेल तर जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी (माध्यमिक), ग्रामीण प्राथमिक शाळा असेल तर (प्राथमिक), शहरातली प्राथमिक शाळा असेल तर महापालिकेच्या शिक्षण मंडळाचे प्रशासन अधिकारी. आपली शाळा कुणाच्या अखत्यारीत येते हे शाळेच्या लिपिकाला नक्की माहीत असतं. मुख्याध्यापकांची नमुना सही त्या कार्यालयात नसेल तर काम अडतं; नवे मुख्याध्यापक आले असतील तर हे आधी विचारून घ्या.

*राज्य, मग परराष्ट्र मंत्रालय.* पुढचा टप्पा मुंबईत, मंत्रालयात राज्य शासनाचं साक्षांकन. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट घेत नाही, त्याने नेमलेल्या एजन्सीमार्फतच द्यावे लागतात. स्वतः जाणार असाल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस बरी, सकाळी मुंबईत उतरून दिवसभर हाताशी मिळतो. वंदे भारतने दुपार होते आणि कामाचा अर्धा दिवस जातो. एजंटाला काम दिलं तर पावतीवर कागदांची नावं आणि ‘मूळ प्रत’ हे शब्द लिहून घ्या.

इथे देशाप्रमाणे रस्ता फुटतो. ओमान, बहरीन आणि २०२२ च्या अखेरीपासून सौदी अरेबिया हे हेग अपॉस्टिल करारात आहेत, म्हणून त्यांना परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे करारातल्या सगळ्या देशांत चालणारं एकच प्रमाणपत्र, पुरतं. दूतावासाची गरज नाही. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत त्या करारात नाहीत. तिथे अपॉस्टिल न घेता साधं साक्षांकन घ्यायचं, मग त्या देशाच्या दूतावासाचा किंवा वाणिज्य दूतावासाचा शिक्का, आणि तिकडे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा. दुबईला जाणाऱ्याने चुकून अपॉस्टिल करून घेतलं तर पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात. सगळी साखळी पूर्ण व्हायला तीन ते पाच आठवडे धरा. जन्मदाखला आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र कुटुंबाच्या व्हिसासाठी लागतातच, म्हणून सगळे कागद एकाच फेरीत पाठवा.

बालवाडी आणि पहिलीच्या मुलांना बहुतेक शाळा साक्षांकित दाखला मागत नाहीत. तरी त्या शाळेला विचारूनच ठरवा.

फी: पत्रकातला आकडा आणि खरा खर्च

दुबईत भारतीय अभ्यासक्रमाची शाळा वर्षाला पाच-सहा हजार दिरहमपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत मिळते. बहुतेक ब्रिटिश आणि आयबी शाळा वीस-पंचवीस हजारांपासून सुरू होतात आणि वरच्या शाळा वरच्या वर्गांना नव्वद हजारांच्याही पुढे जातात. पत्रकावर असते ती फक्त शिकवणी फी. तिच्यात बस, गणवेश, पुस्तकं, वरच्या वर्गांना टॅब किंवा लॅपटॉप, आणि बोर्ड परीक्षेची फी मिळवा. नमुना म्हणून: शिकवणी १०,०००, बस ४,५००, पुस्तकं-गणवेश १,५००, म्हणजे १६,००० दिरहम. मूळ आकड्याच्या दीडपटीहून जास्त. दोन मुलं असतील तर बसचा खर्च इतका होतो, की शाळेच्या जवळचं जरा महाग घर स्वस्तात पडतं. हा हिशेब घर बघण्याआधी करा.

दुबईत नव्या प्रवेशासाठी शाळा शिकवणी फीच्या १० टक्क्यांपर्यंत रक्कम जागा राखायला घेऊ शकते. ती पुढे फीमध्ये वळती होते, पण तुम्ही आला नाहीत तर परत मिळत नाही. म्हणून व्हिसाचं पक्कं होईपर्यंत एकाच शाळेत ही रक्कम भरा, तिघींत नाही. मध्येच शाळा सोडली तर परताव्याचे नियम कडक आहेत: सत्रात महिन्याहून जास्त दिवस मूल बसलं की पूर्ण सत्राची फी द्यावी लागते.

कंपनी ‘एज्युकेशन अलाउन्स’ देणार असेल तर करारावर सही करण्याआधी पाच गोष्टी लेखी विचारा. किती मुलांसाठी? दर मुलामागे कमाल किती? बस आणि नोंदणी शुल्क धरतात का? पैसे शाळेला थेट जातात की आधी आपण भरून मग मागायचे? आणि नोकरी वर्षाच्या मध्ये सुटली तर? चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण पहिल्या सत्राची फी आपल्याच खिशातून गेली तर सुरुवातीचे दोन-तीन पगार त्यातच संपतात.

शाळा पारखायची कशी

दुबईत केएचडीए, अबुधाबीत एडेक आणि शारजात एसपीईए या सरकारी संस्था खाजगी शाळांवर देखरेख ठेवतात. केएचडीएच्या तपासणी अहवालांत ‘आउटस्टँडिंग’पासून ‘व्हेरी वीक’पर्यंत सहा श्रेणी आहेत आणि अहवाल फुकट वाचता येतात. नुसती श्रेणी बघून थांबू नका. आत प्रत्येक विषयाचं आणि टप्प्याचं वेगळं मूल्यमापन असतं. ‘गुड’ शाळेतला प्राथमिक विभाग उत्तम असू शकतो. आयबीची शाळा असेल तर ती ‘ऑथराइज्ड’, म्हणजे मान्यता मिळालेली आहे, की अजून ‘कँडिडेट’, म्हणजे मान्यतेच्या वाटेवरची, हे विचारा. कँडिडेट शाळा डिप्लोमा परीक्षा घेऊ शकत नाही.

फोनवर आणखी विचारायचं: वर्गात मुलं किती, शिक्षक किती वर्षं टिकतात, दुसरी भाषा कुठली देता. अमिरातीत परदेशी मुलांनाही पहिली ते नववी अरबी शिकावं लागतं, म्हणजे इंग्रजी, हिंदी, अरबी असा भार पडतो. पाचवी-सहावीत गेलेल्या मुलाला अरबी अक्षरओळखीपासून सुरू करावी लागते. शाळा अशा मुलांना वेगळ्या गटात बसवते का, हे कळायला हवं.

प्रवेश चाचणी आणि इंग्रजी

भारतीय शाळांत इंग्रजी-गणिताची लेखी चाचणी असते. ब्रिटिश शाळा बऱ्याचदा कॅट-४ नावाची चाचणी घेतात. त्यात शब्द, संख्या, आकृत्या आणि अवकाशकल्पना असे चार भाग, सगळे तर्काचे. पाठांतराचा उपयोग नाही. मुलाने संगणकावर असे प्रश्न दोन-चार वेळा बघितलेले असले की बुजरेपणा जातो, तेवढं पुरे.

सेमी-इंग्रजीतल्या मुलांच्या पालकांनी घाबरू नये. गणित-विज्ञानाचे इंग्रजी शब्द त्यांना माहीत असतात. कमी पडतं ते बोलणं आणि इतिहास-भूगोलाचं वाचन. तीन महिने रोज अर्धा तास मोठ्याने इंग्रजी गोष्टीचं पुस्तक वाचायचं आणि वाचलेलं दहा वाक्यांत सांगायचं, एवढ्याने फरक दिसतो. व्याकरणाचा क्लास लावून तो दिसत नाही. शाळा ‘ईएएल’ म्हणजे इंग्रजीची जादा मदत सुचवेल; ती फीत धरलेली आहे की वेगळी, ते विचारा आणि जमलं तर घ्याच.

गेल्यावर पहिले काही आठवडे

लसीकरणाचं कार्ड लागतं. ते मराठीत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून सगळ्या लसी तारखांसह इंग्रजी लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. अमेरिकेला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: आपल्या मुलांना बीसीजी दिलेली असते, त्यामुळे टीबी नसतानाही त्याची त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. त्याऐवजी रक्तातून होणारी टीबीची आयजीआरए चाचणी मागावी.

डब्याचं सांगायलाच हवं. अनेक इंटरनॅशनल शाळा ‘नट-फ्री’ असतात: शेंगदाणा, काजू, बदाम आवारात आणायचे नाहीत, कारण काही मुलांना त्याने जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी असते. आपल्या घरातली भाजी, कोशिंबीर, साबुदाणा, सगळ्यात दाण्याचं कूट, आणि शेंगा चटणी तर रोजची. डब्यात चटणी सापडली तर शाळा डबा परत पाठवते, मुलाला सगळ्यांसमोर बाजूला बसावं लागतं, आणि ते त्याच्या मनात राहतं. शाळेच्या डब्यापुरता तीळ, जवस किंवा सुक्या खोबऱ्याचा वापर करा. तिळावरही बंदी आहे का, ते विचारून घ्या. चटणी-भाकरी संध्याकाळी घरी.

पहिल्या महिन्यात मूल गप्प गप्प राहतं, घरी आल्यावर चिडतं. हे बहुतेकांचं होतं. सहा आठवड्यांनंतरही एकही मित्र नसेल, सकाळी पोट दुखत असेल, तर वर्गशिक्षिकेला भेटीची वेळ मागा. तिकडे पालकांनी स्वतःहून विचारलेलं शाळांना आवडतं.

मराठी, आणि परतीची तयारी

आखाती शाळांत दुसरी भाषा म्हणून हिंदी, फ्रेंच मिळते, मराठी क्वचितच. पण २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. तीन-चार वर्षांनी सातवीत परत आलेल्या मुलाला जोडाक्षरं वाचता येत नाहीत आणि सगळ्यात जास्त त्रास याच विषयाचा होतो. निघताना बालभारतीची त्याच्या आणि पुढच्या दोन इयत्तांची मराठीची पुस्तकं बरोबर न्या. ती ई-बालभारतीवर पीडीएफमध्येही मिळतात. आठवड्यातून दोन दिवस एक पान वाचन, पाच ओळी लेखन. बहुतेक मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळ आहे आणि काही ठिकाणी ते मराठीचे वर्ग चालवतं. पोचल्याच्या महिन्यात चौकशी करा.

परत येताना कागदांची वाट उलटी चालते. तिकडच्या शाळेचा दाखला तिथल्या शिक्षण खात्याकडून आणि परराष्ट्र खात्याकडून, मग तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून आणा. भारतात आल्यावर तो शिक्का मिळवणं फार कटकटीचं. आयजीसीएसई, ए लेव्हल किंवा आयबी करून आलेल्यांना असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, म्हणजे एआययूकडून समकक्षता प्रमाणपत्र लागतं. आयजीसीएसईला ते पाच विषय आणि किमान ठरावीक श्रेणी बघतात, म्हणून विषय निवडतानाच इंग्रजीसकट पाच पूर्ण विषय आहेत ना, हे मोजा. अर्ज ऑनलाईन आहे, निकाल लागल्याच्या दिवशीच करा. अकरावी-पदवीच्या प्रवेशाच्या फेऱ्या या प्रमाणपत्रासाठी थांबत नाहीत.